मंडळी किती?

२०२३ साल. मला एकोणसत्तरावं चाललं होतं, आणि मी मुंबईत अमेरिकेच्या वकिलातीच्या खिडकीपुढं हातात चप्पल धरून उभा होतो. मागून गार्ड धावत आला.

"काका, चप्पल खाली! आधी खाली ठेवा!"

"मारत न्हाय रं बाबा. दावतोय."

काचेपलीकडच्या गोऱ्या साहेबानं विचारलं होतं, तुम्ही काय बनवता. पिशवी आत नेऊ देत नाहीत. मग पायातली काढून दाखवली. त्यात एवढं काय?

मी कोल्हापुरात कापशी चप्पल करतो, कोल्हापुरीतलाच एक प्रकार. शाळा चौथीत सोडली आणि बापाशेजारी कातडं कापायला बसलो, तो अजून उठलेलो नाही. माझा सुरेश बँकेत आहे, तो कातड्याला हात लावत नाही. गल्लीतली पोरंही शिकायला येत नाहीत. अशात अमेरिकेतल्या एका डिझाइन कॉलेजनं बोलावलं. दोन महिने त्यांच्या पोरांना चप्पल शिकवायची, तिकडचं कातडं कमावायचं तंत्र आपण बघायचं. तिथं वर्गभर पोरं माझी वाट बघत होती. मला जायचंच होतं.

याला एक्सचेंज व्हिजिटर व्हिसा म्हणतात. म्हणजे नोकरी नाही, राहणं नाही. शिकायचं, शिकवायचं आणि गुमान घरी परत यायचं. शाहूपुरीत रियाज म्हणून एक पोरगा असले फॉर्म भरतो. त्याच्याकडं गेलो.

"मामा, हितं ट्रेनिंग असं लिवतो."

"कुणाचं ट्रेनिंग? मी घ्यायला न्हाय, द्यायला चाललोय."

"घ्या न्हायतर द्या, रकाना एकच हाय."

"मग मला दुसरा रकाना काढ."

अर्धा दिवस भांडल्यावर त्यानं कॉलेजचे कागद पुन्हा वाचले. त्यात 'स्पेशालिस्ट' असा शब्द निघाला. मी अर्थ विचारला.

"लई मोठा कारागीर."

"मग आधीच का न्हाय लिवलंस?"

त्यानं कपाळाला हात लावला. निघताना म्हणाला, "मामा, खिडकीवर इचारतील तेवढंच बोलायचं. पासपोर्ट परत हातात दिला की समजायचं, गेलं. ठेवून घेतला की झालं काम."

तर खिडकीवर साहेब इंग्रजीत विचारत होता आणि शेजारी उभी एक पोरगी ते मराठीत सांगत होती. पोरगी चुणचुणीत, पण शहरातली.

"हे सगळं तुम्ही एकटेच करता का?"

"तळ, पट्टे, बाजूचे कान माझे. वेणी मंडळी घालतात."

वेणी म्हणजे पट्ट्यावर कातड्याच्या बारीक वाद्यांची गुंफण असते ती. कोल्हापुरीची सगळी शोभा तिथं. ते काम आमच्यात बायका करतात.

पोरीनं साहेबाला सांगितलं. साहेबानं माझा फॉर्म बघितला आणि भुवया वर केल्या.

"यात तर लिहिलंय, कामगार नाहीत. मग ही मंडळी किती आहेत?"

"किती म्हंजे? एकच की!"

"मंडळी एकच?"

"एकच. आनि किती करायच्या?"

मंडळी म्हणजे बायको, हे पोरीला तेव्हा उमगलं. ती हसू दाबत साहेबाशी बोलली. साहेब हसला नाही. त्याला आता माझ्या फॉर्मचाच भरवसा राहिला नव्हता.

"बायकोचं नाव काय?"

मी काचेतून फॉर्मकडं बोट केलं.

मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अगं', 'ए', 'सुरेशची आई' यावर संसार झाला. दवाखान्यात केसपेपर काढतानाही नाव पोरगा सांगायचा. आमचं लग्न झालं तेव्हा बहिणींनी दार अडवलं होतं. उखाण्यात नाव घे, मगच आत सोडतो म्हणाल्या. मी हटून बसलो. शेवटी नव्या नवरीला दारात उभी ठेवून मी परड्यातनं फिरून मागच्या दारानं घरात गेलो. लोक हसले. ती काही बोलली नाही, तेव्हाही आणि नंतरही.

"आजोबा, फॉर्ममध्ये आहे, पण साहेबांना तुमच्या तोंडून हवंय," पोरगी हळू आवाजात म्हणाली. "नाव आठवत नाही का?"

आठवत नाही? ते ऐकून मला राग आला. साहेबाचा हात माझ्या पासपोर्टाकडं चालला होता. तो आता परत देणार. आणि इथं मागचं दार नव्हतं.

मी चप्पल पायात सरकवली, सरळ उभा राहिलो आणि लग्नात चुकवलेलं ते एकदाचं म्हणून टाकलं.

"पायात कापशी चप्पल, वाजती करकर,
शालनचं नाव घेतो, सायेब, ठप्पा द्या लवकर!"

शेजारच्या खिडक्यांवरची माणसं वळून बघायला लागली. मागून एक बाई "वा!" म्हणाली. पोरगी खळखळून हसली आणि साहेबाला बराच वेळ समजावत राहिली. साहेबानं फॉर्ममधल्या नावावर बोट ठेवलं.

"शा-लन?"

"व्हय. शालन." दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं.

"दोन महिन्यांनी परत याल याची खात्री काय?"

"वेणी हितं हाय की. नुसतं तळ घिऊन तिकडं काय करू?"

पोरीनं ते कसं सांगितलं कुणास ठाऊक, साहेब पहिल्यांदा हसला. त्यानं पासपोर्ट उचलला, शेजारच्या ट्रेमध्ये टाकला आणि मला हात केला, निघा. रिकाम्या हातानं इतक्या आनंदात मी कधी कुठनं निघालो नव्हतो.

तर व्हिसाला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. कागद काय, रियाजसारखा कुणीही जुळवून देतो. घरच्या माणसांची नावं मात्र आधी घरात घेऊन बघावीत. खिडकीवर वेळ कमी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात उतरलो. घरापुढं आलो तर दार नुसतं लोटलेलं. आतून वाद्या कापल्याचा आवाज येत होता. मी उंबऱ्याबाहेर थांबलो आणि हाक मारली.

"शालन!"

आवाज थांबला.

"कोन हाय?" ती आतूनच म्हणाली. "मालक घरात न्हाईत. मुंबईला गेल्यात."

मी पायातली चप्पल काढली आणि पुढच्या दारानं आत गेलो.