ड्रमातली ऊब

गॅलरीतल्या खताच्या ड्रमात मी रोज सकाळी हात घालून बघते. घरात पाच माणसं होती तेव्हा आत चांगली ऊब असायची. आता गारच लागतं. चहाचा चोथा, एका केळ्याचं साल, एवढंच तर पडतं दिवसाकाठी.

कचरा न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एकट्याच्या कचऱ्यानं नाही तापत ते, ताई. ढीग लागतो."

कुजून माती व्हायलाही सोबत लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

मग शेजारची बेल वाजवून ओला कचरा मागितला. शेजारीण आधी बावरली, मग तिनं मटारच्या सालांनी माझी बादली भरून दिली.

चार दिवसांनी ड्रम तापला. तापलाय हे कळायला क्षणभर पुरतं. मी मात्र हात बराच वेळ बाहेर काढला नाही.