डांबरगोळ्यांचा वास

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की आमचा कुत्रा आठवतो. त्याच्या कानामागच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. बायको म्हणाली, "डॉक्टरले दाखवा न." सोयाबीनची सोंगणी चालू होती, मी डांबरगोळी कुटून जखमेत भरली आणि मोकळा झालो. तो रोजच्यासारखा मोटरसायकलच्या टाकीवर बसून, माझ्या हातावर हनुवटी टेकवून शेतात यायचा. चौथ्या दिवशी तो उठेना, तेव्हा कुठं त्याला संग्रामपूर रस्त्यावरच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली. "एवढा उशीर काऊन केला? गाव दूर हाय काय?" मी म्हणालो, "हाव, लय दूर हाय." तो संध्याकाळी गेला. शेताला जाताना आजही तो दवाखाना वाटेतच लागतो. पहिले तिन्ही दिवस आम्ही दोघं त्याच्याच दारावरून गेलो होतो.