मोडलेला पाय आधी

कंपनीच्या बसमध्ये ती आकुर्डीला चढायची. मांडीचं हाड मोडल्यामुळे आत सळई घातलेली. चांगला पाय आधी पायरीवर, मग काठीच्या आधाराने मोडलेला. आम्ही रुमाल टाकून तिची जागा धरायचो. ती त्या जागेवर डबा ठेवायची आणि दांडी धरून उभीच राहायची.

एकदा मी म्हणालो, "ताई, बसा की."

"बसून हाड पक्कं होत न्हाई, भाऊ. त्याला भार लागतो. आत्ता बसायचं काम दिलंय, पण पुढं लाईनीवर अख्खी शिफ्ट उभं कोण राहणार? तुम्ही?"

आधी ती भोसरीपर्यंत टिकायची आणि तिथून बसायची, मग मोशीपर्यंत टिकू लागली. शेवटी ओठ घट्ट मिटून थेट चाकणला कंपनीपर्यंत.

एका सकाळी हातात काठी नव्हती. दाराशी ती क्षणभर थांबली आणि मोडलेला पाय आधी पायरीवर रोवून वर आली.

मी जागेवरचा रुमाल उचलून खिशात घातला.