आतोबांचं डिलीट

अख्ख्या ग्वाल्हेरात आमच्या आतोबांइतका संशयी माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो आतोबांना स्वतःचं नाव सांगणार नाही. दौलतगंजातल्या घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, गल्लीच्या वळणापर्यंत जातात, परत येतात आणि पुन्हा ओढतात. शेजाऱ्याने सहज ‘बाबूजी, आज क्या सब्ज़ी ली?’ विचारलं, तर ‘अभी तय नहीं है’ म्हणत पिशवीतली मेथी रुमालाने झाकतात.

रिटायर झाल्यावर सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले, तीही याच कारणाने. ‘बेटा, ताला कोई भी तोड लेगा. मी स्वतः लिहिलेला कोड कोण तोडणार?’ त्यांचा प्रोग्राम पासवर्ड वापरून फाइलचं अक्षर न् अक्षर उलटंपालटं करायचा, ती कुलूपबंद प्रत पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि मूळ फाइल डिलीट करायचा. विजेची बिलं कुलपात गेली, लोणच्याची कृती गेली. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला, तर त्यांच्याच दवाखान्यात त्यांना म्हणाले, ‘साहब, आप ज़रा बाहर जाइए, पासवर्ड डालना है.’

आणि एका दुपारी आत्याचा फोन आला. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज कुजबुजण्यापुरताच उरलाय. त्याआधी ती फार सुरेख गायची. ‘ह्यांनी माझी रेकॉर्ड केलेली गाणी कुलपात घातली गं. आता निघत नाहीत.’

मी ग्वाल्हेरातच, मुरारला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तशीच निघाले. आतोबा बनियनवर, चेहरा पाडून बसले होते. गाणं उघडलं की क्षणभर खरखर, मग काहीच नाही. मी प्रोग्राम वाचला. त्यांनी गाण्याची फाइल साध्या मजकुरासारखी उघडली होती, त्यामुळे प्रोग्राम सुरुवातीलाच कुठेतरी ‘संपलं’ समजून थांबत होता. पुढचं गाणं कुलपात गेलंच नव्हतं. मूळ फाइल तर डिलीट. आत्याकडे बघायचा मला धीर होईना.

मग खालच्या ओळी वाचल्या. डिलीट करण्याआधी फाइल बंदच केलेली नव्हती, आणि उघडी फाइल त्यांचा कॉम्प्युटर डिलीट करू देत नाही.

‘आतोबा, डिलीट झाली हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘प्रोग्रामने. स्क्रीनवर येतं ना, “डिलीट हो गई”.’

‘आणि प्रोग्रामला कोणी सांगितलं?’

‘मीच.’

खरंच डिलीट झाली का, हे या संशयी माणसाने एकदाही तपासलं नव्हतं! गाण्यांचा फोल्डर त्यांनी असा लपवून ठेवला होता, की तो त्यांनाही दिसत नव्हता. तो उघडला. सगळी गाणी जागच्या जागी. मला हसू आवरेना. आतोबा डोळे पुसायला उठून मोरीवर गेले.

परत आले तेव्हा भीमपलास लागला होता. आत्याची बोटं मांडीवर ठेका धरत होती. एका लांब तानेशी ती थांबली.

‘इथे श्वास पुरला नव्हता मला,’ ती कुजबुजली.

‘पुरला होता,’ आतोबा म्हणाले. ‘मी समोरच बसलो होतो.’