नैरोबीचं विमान आणि अंगणातला पातेरा

आमच्या रुक्मिणीवयनीला सगळं मालवण हट्टी म्हणायचं. म्हणोत बापडे! मी तिची धाकटी जाऊ, एका चुलीवर तिच्याबरोबर रांधलंय. तिचा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक.

आमचं घर दर्यावर्दी लोकांचं. माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत अंगण झाडायचं नाही, ही घरची रीत. वयनीचे घरवाले, माझे थोरले दीर, गलबतावर तांडेल. एकदा ते कौलं आणायला मंगळूरला निघाले आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून वयनीने अंगण लख्ख केलं. गलबत परत आलंच नाही. वादळात आणखी दोन गलबतं बुडाली होती, हे सगळ्यांना माहीत. पण वयनीच्या मनाने घेतलं ते घेतलं, नवरा आपल्या हातून गेला.

बासष्ट सालच्या माघात तिचा एकुलता एक हरिश्चंद्र नैरोबीला फिटरच्या नोकरीवर निघाला. तोही विमानाने!

"आये, मुंबैसून अठ्ठावीसशे मैल," तो ऐटीत म्हणाला. "आगबोटीन धा-बारा दिवस. विमानात सकाळी चढलंय काय सांजेक थंय!"

"दर्यात एखादा फळकूट तरी गावता," वयनी म्हणाली. "वर काय धरतलंस रे?"

सोमवारी तो बोटीने मुंबईला गेला. विमान गुरुवारी सकाळी होतं. तोवर अंगणात फणसाच्या वाळल्या पानांचा पातेरा घोट्याएवढा साचला. येणारे-जाणारे नाकं मुरडत, वयनी ढिम्म. गुरुवारी दिवेलागण झाली, म्हणजे पोरगा पोचला असणार. पण दिवे लागल्यावर केर कोण काढतं? शुक्रवारी उजाडताच तिने खराटा घेतला. थोडा पातेरा माडाच्या मुळात टाकला, बाकीचा न्हाणीच्या चुलीत घातला.

पाणी तापतंय तोच मुंबईहून तार आली. आमच्या ह्यांनी वाचली. विमान एक दिवस लांबलं होतं, ते आज सकाळी सुटणार होतं.

"म्हणजे तो आता वर आसा?" वयनीने विचारलं आणि न्हाणीकडे धाव घेतली. पेटत्या चुलीत हात घालून ती पानं बाहेर ओढू लागली.

"वयनी, तुका पिसा लागला काय गो? हात भाजतलो!" मी ओरडले.

"अर्धो जळलो गो, सुशीला," ती रडत म्हणाली.

कपाळाला हात लावला आणि मी टोपली उचलली. दुसरं काय करणार? दोघींनी माडाच्या मुळातला पातेरा आणून अंगणभर पसरला. जळला त्याच्या जागी वयनीने राख टाकली. शेजारची शेवंती कुंपणापलीकडून फिदीफिदी हसली. तिला मी अशी फैलावर घेतली की महिनाभर ती आमच्याकडे फिरकली नाही. त्या रात्री वयनीने अन्नाला हात लावला नाही.

रविवारी तारवाला बाबली आला. हरिश्चंद्र खुशाल पोचला होता. मला रडूच कोसळलं. "हस गो आता तरी!" मी वयनीला म्हटलं.

वयनी हसली नाही. पायरीवर बसून ती फडकं बांधलेल्या हाताकडे बघत राहिली.

"तेवा पण केर परत अंगणात टाकलो असतो तर ते मंगळूरसून ईले असते गो," ती म्हणाली. "माका कोणी सांगूकच नाय."