उभ्याउभ्या वाळलेलं रबर

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या वायपरचं ब्लेड वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात नेलं. नमुना दाखवल्याशिवाय या गाडीचं काही मिळत नाही. दुकानदाराने लांबी मोजली आणि रबरावर नख ओढलं. रबराचे तुकडे पडले.

“काका, हे वापरून झिजलेलं नाही. पावसात गाडी काढतच नाही ना?”

“गंज धरेल म्हणून जपतो,” मी म्हणालो.

“मग उभ्याउभ्याच वाळलंय हे.”

रिटायर झाल्यापासून मीही स्वतःला असाच जपतोय. सर्दी नको, गुडघ्याला ताण नको. तरी रोज संध्याकाळी एवढा थकवा कुठून येतो, कुणास ठाऊक.

नवी ब्लेडं घेऊन निघालो, तर बाहेर पावसाची भुरभुर सुरू झालेली. ब्लेडं भिजू नयेत म्हणून ती शर्टाच्या आत धरून मी आडोशाला उभा राहिलो.