आबांच्या रक्ताचा ठिपका

आबा गेले तेव्हापासून वहिनीच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं. कुणी ताट पुढे केलं की ती हात धुवायला उठायची आणि परत यायचीच नाही.

आबा म्हणजे आमचे वडील. आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलाच्या काठाला. तिथे दादा आणि वहिनी त्यांच्याजवळ राहतात. मी चंद्रपूरला वीजकेंद्रात भांडार सांभाळतो आणि सणावाराला गावी येऊन सगळ्यांना सल्ले देतो. आबा गेले त्याच्या आदल्या दिवशी वहिनीला वारुळाजवळ मूठभर सात्या मिळाल्या. पावसात उगवणारी ही रानातली अळंबी आमच्याकडे मटणाच्या बरोबरीने मानतात. मूठभरच आहेत म्हटल्यावर त्या कुणाच्या ताटात जायच्या हे आमच्या घरात विचारावं लागत नाही. वहिनीने त्या कांद्यावर परतल्या आणि सगळ्याच्या सगळ्या सासऱ्यांना वाढल्या.

पहाटे आबांचं पोट दुखू लागलं. उलटी झाली, मग पापण्या उचलेनात. नाल्याला पूर होता. दवाखाना गाठेपर्यंत फार वेळ गेला. डॉक्टरांनी सापाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं, पण उपयोग झाला नाही. ते म्हणाले, मण्यार असावी, तिच्या चाव्याची खूण पुष्कळदा सापडत नाही. पक्कं काय ते शवविच्छेदनाचा रिपोर्ट आल्यावर कळेल, आणि रिपोर्टला वेळ लागेल.

‘असावी’ या शब्दापाशी वहिनी अडकली.

“साप असता त कुठी तरी दात दिसला असता. म्या माह्या हातानं वाढलं त्याईले.”

दादा समजावून थकला. “लग्न होऊन आली तवापासून तू सात्या आणून राह्यली. कोणाले कधी काही झालं काय?”

“त्या दिवशी कोणी दुसऱ्यानं खाल्ल्या काय?”

माझी लेक नागपूरला प्रयोगशाळेत काम करते. निरोप मिळताच दवाखान्यात पोचून तिने एकच शहाणपणाची गोष्ट केली, आणि आमच्या घराण्यात ती तेवढी एकटीनेच केली: इंजेक्शनच्या आधी काढलेल्या रक्तातलं उरलेलं, दादाची परवानगी घेऊन, मागून घेऊन बर्फात ठेवलं. तिचं काम नेमकं हेच, रक्तात सापाचं विष शोधायचं. ती नागपूरला जाऊन एक काळा डबा आणि पट्ट्या घेऊन परत आली. “तिथून नुसता निकाल कळवला तर मोठी आई मानणार नाही,” ती वहिनीबद्दल म्हणाली. “तिच्या डोळ्यांसमोर करू.”

मला तिने समजावून सांगितलं. विषाला नेमकी चिकटणारी प्रथिनं असतात. त्यांच्यावर खुणेसाठी काही रेणू बांधलेले असतात. रक्तात विष असेल तर ती पट्टीवर टिकून राहतात, नसेल तर धुण्यात वाहून जातात. मग पट्टी तापवायची. तापले की ते रेणू तुटतात आणि तुटताना उजेड टाकतात. वरून दुसरं औषध नको, दिवा नको. फक्त उष्णता.

“मग मे महिन्यात चंद्रपुरात आण. आपोआप पेटतील,” मी म्हणालो.

“बाबा, पाणी उकळतं त्याच्याहून जास्त ताप लागतो त्यांना.”

“आम्हीपण उष्णतेतून उजेडच काढतो.”

“तुम्ही कोळसा जाळून काढता. आणि तुम्ही नाही, वीजकेंद्र काढतं.”

तुलनेसाठी एक ठिपका मण्यारीच्या खऱ्या विषाचा आणि एक बिनविषारी रक्ताचा लागतो. बिनविषारी म्हणून माझं रक्त घेतलं. आत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, त्या दुःखातही म्हणाली, “याचं? आणखी कोणाचं तरी घ्या, बाई.”

डबा अजून पुरता तयार नव्हता. त्यात बाहेरचा उजेड झिरपायचा. म्हणून अंधारी खोली हवी होती, आणि घरात बिनखिडकीची खोली एकच. आबा तिथे झोपायचे, आणि तिथेच त्यांच्या नावाचा दिवा तेवत होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. दादाने दिवा उचलून ओसरीवर ठेवला, आत्याला त्याच्याजवळ बसवलं आणि मला दाराशी उभं केलं: कुणाला आत सोडायचं नाही.

आत डब्यात पट्टी तापू लागली, आणि डब्याच्या भोकातून लेकीचा फोन ठिपके टिपत होता. तेवढ्यात आत्या दिवा हातात घेऊन आली.

“आत्या, थांब.”

“माह्या भावाची जागा अंधारात ठेवून राह्यले तुम्ही? सरक.”

आत्यापुढे मी जन्मात कधी उभा राहिलेलो नाही. मी सरकलो. लेकीच्या फोनवर सगळं पांढरंफटक झालं.

“पुन्हा तापव,” दादा म्हणाला.

“नाही होत, मोठे बाबा. ते एकदाच उजळतात, मग संपतात.” तिने कुपी दाराच्या उजेडात धरून पाहिली. “रक्त आणखी एका पट्टीपुरतंच आहे.”

वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि दिवा घेऊन बाहेर गेली. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून, पदराच्या आडोशात दिवा धरून बसली. मी दार लावून घेतलं.

अंधारात दुसरी पट्टी तापली. मग लेकीने फोन वहिनीपुढे धरला. विषाचा ठिपका लख्ख. माझा काळा. आणि आबांचा, विषाच्या मानाने फिका, पण होता.

“मोठी आई, हे अजून आमच्या प्रयोगापुरतंच आहे. रिपोर्ट यायचा तो येईलच. पण आबांच्या रक्तात मण्यारीचं विष होतं, एवढं मी सांगते.”

“सात्याचं नाई?”

“सात्या खाऊन हा ठिपका उजळत नाही.”

वहिनी तोंडावर पदर धरून रडली. आबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आम्ही तिला रडू दिलं.

दादा मात्र हलला नव्हता. “खाट मीच उसवून ठेवली होती,” तो म्हणाला. “नवी सुतळी भरतो म्हटलं. म्हणून आबा खाली झोपले.” आणि उठून अंगणात निघून गेला.

मी त्याच्या मागे जायला निघालो. सांत्वनाची चार वाक्यं जुळवतच होतो. वहिनीने मला हाताने थांबवलं. तोंड पुसलं, शेजारणीने आणून दिलेल्या भात-वरणाचं ताट वाढलं आणि स्वतःच बाहेर गेली.

“आता तुम्ही सुरू नोका होऊ,” तिचा आवाज आला. “जेवा.”

“तू?”

“मीई जेवतो. याच ताटात.”